वरून चौथी पायरी

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी वकीलबाईंना 'हो' असं उत्तर पाठवलं. त्यांचा प्रश्न साधा होता. पायरीचं माप आणि तिचा फोटो हे दोन्ही अपघातानंतरचे आहेत ना? निवेदनात तसं वाक्य घालते, आज साडेचारला आईंना घेऊन या, सही करून टाकू. मी उजव्या हाताचा मोजा काढला, अंगठ्याने एक अक्षर दाबलं, मोजा परत चढवला. सगळं मिळून दहा सेकंदं लागली असतील. कुणी 'बरं आहे ना?' विचारलं की आपण 'हो' म्हणतो आणि त्याचा बरं असण्याशी काही संबंध नसतो, तसंच ते बाहेर पडलं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मोजा उलटा चढवलाय, शिवण बाहेर आली आहे. तो मी तसाच राहू दिला. फोटो अपघाताच्या आदल्या संध्याकाळचा होता, सहा वाजून बावन्न मिनिटांचा. आई पडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला. मधले चौदा तास मला माहीत होतं.

आमच्या प्रयोगशाळेत मापांची मापं घेतली जातात. कारखान्यांतून मोजायची साधनं येतात, ती खरी आहेत की नाहीत हे आम्ही बघतो आणि तसा दाखला देतो. खोली बारा महिने वीस अंशांवर ठेवलेली असते. दहा सेंटिमीटरचा पोलादी ठोकळा नुसता हातात धरला तरी हाताच्या उबेने वाढतो. एका अंशाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून जरा जास्त. डोळ्यांना ते दिसत नाही, पण यंत्राला दिसतं. म्हणून ठोकळा ग्रॅनाइटच्या पाटावर ठेवायचा आणि तो निवण्याची वाट पाहत बसायचं. नोकरीतला अर्धा वेळ असा वाट पाहण्यात जातो, आणि मला तो आवडतो. लहानपणी आई कामावरून येईपर्यंत मी अशीच खिडकीत बसायचे, घड्याळाकडे बघत. ती टपालाच्या वर्गीकरणात होती; तेहतीस वर्षं उभी राहून तिने पत्रं खणांत टाकली. पाकिटावरचा पत्ता वाचायला तिला किती वेळ लागतो हे मी एकदा मोजलं होतं, तर ती म्हणाली, "अगं, मी वाचत नाही. हात वाचतो." आज ठोकळा निवला, यंत्राने निवल्याचं दाखवलं, तरी मी माप घ्यायला उठले नाही. शेजारच्या टेबलावरचे आमचे ज्येष्ठ सहकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय, आज ठोकळ्याला ताप आलाय का?" मी हसले. ते म्हणाले, "तुला आला असेल तर घरी जा. तू तापलीस तर खोली तापेल." हा त्यांचा विनोद गेली चार वर्षं चालू आहे.

आई पडली ते घर ताईने शोधलं होतं. आई निवृत्त झाली तेव्हा तिला विचारलं, तुला काय हवं, तर म्हणाली, कुठेतरी जाऊन बसायचंय, उभं राहायचं नाही. म्हणून तळ्याकाठचं दुमजली घर, तीन दिवसांसाठी भाड्याने. फोटोंत ते छान दिसत होतं, आणि प्रत्यक्षातही छानच होतं, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण नंतर ताई त्या घराबद्दल बोलताना ते पहिल्यापासूनच भेसूर होतं असं बोलायला लागली. पांढऱ्या भिंती, खिडकीत काचेच्या बरणीत गोटे, फ्रिजवर चिकटवलेला सूचनांचा कागद. आणि जिना. लाकडी, तेरा पायऱ्यांचा, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत कठडा. पहिल्यांदा चढले तेव्हाच माझ्या तळव्याला काहीतरी खटकलं. शरीर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकतं आणि मग डोळे दुसरीकडे वळवतं. पुढच्या पायऱ्या तशाच असणार हे ते गृहीत धरतं. या जिन्यावर ते गृहीतक वर पोचता पोचता मोडत होतं. दुसऱ्या संध्याकाळी सगळे बाहेर तळ्याकडे बघत बसले असताना मी पर्समधली टेप काढली आणि खालून वर मोजत गेले. बारा पायऱ्या एकशे अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर, एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे. वरून चौथी बरोबर दोनशे. मी टेप लावून फोटो काढला. भावोजी तेवढ्यात आत आले, मला जिन्यावर गुडघे टेकलेली बघून म्हणाले, "फूटपट्टी, सुट्टीत तरी!" मला ते याच नावाने हाक मारतात. मी म्हटलं, "बावीस मिलिमीटरचा फरक आहे." ते म्हणाले, "घरमालकाला सांग, तो रात्रभर झोपायचा नाही," आणि पाणी पिऊन बाहेर गेले.

माझ्या फोनमध्ये 'वाकडं' नावाचा एक कप्पा आहे. त्यात एकमेकांशी न जुळणारी दोन सार्वजनिक घड्याळं आहेत, दवाखान्याच्या भिंतीवरच्या फरश्यांची सरकलेली रेघ आहे, एका औषधाच्या दुकानातला काटा आहे जो रिकामा असतानाही शून्यावर येत नाही. शंभराच्या वर फोटो होते. जिना सगळ्यांत चांगला होता. माझ्या आनंदाला तिथे दुसरं काही कारण नव्हतं, आणि तो आनंद होता हे मला नाकारता येत नाही. मग मी दिवाणखान्यातल्या अशा खुर्चीत बसले जिथून जिना दिसतो. मला बघायचं होतं. भावोजी वर गेले, त्या पायरीला पायाचं बोट अडकलं, पुढे गेले. पुन्हा चार्जर आणायला गेले, पुन्हा अडकलं. ताई उतरताना त्या पायरीवर किंचित खाली गेल्यासारखी झाली, कठडा धरला, आणि बोलत होती ते बोलतच राहिली. दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, हे मला फार सुंदर वाटलं. चुकत होती पायरी, आणि आपल्याच पायाला दोष देऊन माणसं पुढे जात होती. साडेनऊला आई झोपायला वर निघाली. कठडा धरून, एकेक पायरी, सावकाश. मी पुस्तक मांडीवर ठेवून बघत होते. ती अडखळली नाही. तेव्हा माझी थोडीशी निराशा झाली. गेले अकरा महिने मी बाकीचं सगळं मनातल्या मनात पुन्हा पुन्हा मांडून बघितलंय, फक्त ही एक गोष्ट मी मोजलेली नाही.

फ्रिजवरच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं की निघताना अंथरुणं आहेत तशी राहू द्यावीत, सफाईला माणसं येतात. ताईने ते आईला वाचूनही दाखवलं. आई म्हणाली, "ते त्यांचं सांगणं झालं. म्हणून आपण उकिरडा करून जायचं का? लोक काय म्हणतील, कुठली माणसं राहून गेली." तिने सकाळी उठून भांडी घासली, ओटा पुसला, बाथरूमचा आरसासुद्धा पुसला. मग वरच्या दोन्ही पलंगांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, पांघरुणं काढून त्यांचा एक मोठा बोजा केला आणि दोन्ही हातांत तो छातीशी धरून जिना उतरायला लागली. मी खाली नळाशी बाटल्या भरत होते. आधी एक मऊ आवाज आला, कापड पडल्यासारखा, मग कठीण. ती ओरडली नाही. मी धावले तेव्हा ती खालच्या फरशीवर चादरींत अर्धी गुंडाळलेली होती, डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, चेहरा पांढरा. माझ्याकडे बघून म्हणाली, "चादर फाटली का बघ." दवाखान्याची गाडी येईपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात घरमालकाचा फोन आला, चावी कुठे ठेवणार हे विचारायला, तर तिने ताईच्या हातून फोन घेतला आणि जमिनीवर पडल्या पडल्या त्याला सांगितलं, "काही नाही हो, माझंच लक्ष नव्हतं. घर मात्र छान ठेवलंय तुम्ही."

हे वाक्य वकीलबाईंना आम्ही पहिल्या भेटीत सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून डोळे मिटले. "सगळ्या आया हेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "मला कधी कधी वाटतं, फोनवर पाटी लावावी, पडल्यावर एक तास बोलू नये." मग त्यांनी समजावून सांगितलं. जाता येईल अशा वाटा तीन. एक घरमालक: घर भाड्याने देतो म्हणजे पाहुण्याला इजा होणार नाही इतपत ते नीट ठेवणं त्याच्यावर येतं. दुसरी ज्या कंपनीमार्फत घर घेतलं ती: तिचं म्हणणं असणार की आम्ही फक्त गाठ घालून दिली, आणि ताईने न वाचता मान्य केलेल्या अटींत लिहिलंय की तंटा झालाच तर कोर्टात न जाता लवादाकडे जायचं. तिसरी विमा: घरमालकाचा स्वतःचा विमा बहुधा हात वर करेल, कारण घर राहण्यासाठी म्हणून उतरवलेलं होतं, भाड्यासाठी नाही, पण कंपनीने अशा अपघातांसाठी एक वेगळं संरक्षण ठेवलेलं असतं, ते मागता येतं. "तिन्ही वाटांवर एकच चौकी आहे," त्या म्हणाल्या. "कोणाला काय माहीत होतं आणि कधी. मालकाला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, हे आपण दाखवायचं. तुम्हाला माहीत होतं, हे ते दाखवणार. तुम्हाला माहीत असूनही तुम्ही बोजा घेऊन उतरलात, तर चुकीचा मोठा हिस्सा तुमच्या पदरात." भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या कागदांवरच्या वजनाकडे बघत होते. मी म्हटलं, "पायरीत बावीस मिलिमीटरचा फरक आहे. माझ्याकडे माप आहे." वकीलबाई खूश झाल्या. एका महिन्याच्या आत घरमालकाने तो जिना काढून नवा बसवला होता, आणि दुरुस्ती केली म्हणजे चूक कबूल केली असं कायदा धरत नाही, त्यामुळे जुन्या पायरीचं माप आता जगात फक्त माझ्याकडे होतं. फोटो शोधून देते असं मी म्हणाले. तेव्हापासून मी तो शोधतच होते.

आईचा खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टर म्हणाले, पायांच्या लांबीत एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक चालतो. तिचा डावा पाय अकरा मिलिमीटर आखूड झाला. मी तो मोजला नाही, फायलीत वाचला. तिच्या डाव्या चपलेत आता एक पातळ थर घातलेला असतो, आणि ती माझ्याकडे राहते, माझ्या तळमजल्यावरच्या एका खोलीत, कारण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. तिथे तिची पुस्तकं आहेत, गच्चीवरच्या कुंड्या शेजारीण बघते, आणि शेजारीण रोज सकाळी फोन करून कोणत्या कुंडीत काय आलं ते सांगते. आई फोन कानाला लावून डोळे मिटून ऐकते. मला कधी काही म्हणत नाही. एकदाच म्हणाली, "तुझ्याकडे सगळं आहे गं. फक्त माझं काही नाही." भरपाई मिळाली तर ते घर देऊन त्याच इमारतीतलं खालचं घर घेता येईल, तसं बोलणं झालेलं आहे. खालचे लोक या वर्षअखेरीपर्यंत थांबायला तयार आहेत. एवढं सगळं त्या सहीवर होतं.

दुपारी मी डबा उघडून बसले तर भावोजींचा फोन आला. आज सही आहे ना, हे विचारायला. मी म्हटलं, वाक्य असं असं आहे. ते म्हणाले, "हे बघ, तू ती पायरी मोजत होतीस तेव्हा मी आत आलो होतो असं मला तरी काही आठवत नाही."

"तुम्ही मला फूटपट्टी म्हणालात."

"ते मी तुला रोजच म्हणतो. आठवणीचं काय घेऊन बसलीस, तिला दोनदा चहा पाजला की पाहिजे ते बोलते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आईंचा विचार कर. तुझ्या खऱ्या-खोट्याचा नको. खरं सांगून त्या तिसरा मजला चढणार आहेत का?" मागून ताईचा आवाज आला, कोण आहे, आणि ते म्हणाले, कोणी नाही, ऑफिसचं. मी डबा तसाच बंद केला.

फोटोच्या फाइलमध्ये तारीख आणि वेळ कुठे असते हे मला माहीत आहे. ती बदलायला किती वेळ लागतो हेही माहीत आहे. दुपारी दोन ते तीन या तासात मी ते मनात अनेकदा केलं. सहा बावन्न पुसायचं, दुसऱ्या दिवशीचं नऊ चाळीस घालायचं. प्रकाश थोडा पिवळा आहे, संध्याकाळचा, पण सकाळीही खिडकीतून तसा येऊ शकतो असं कुणीही मानेल. गेल्याच वर्षी एका कारखान्याचा दाखला आम्ही परत पाठवला होता, कारण माप घेतल्याची तारीख साधन आमच्याकडे पोचण्याच्या आधीची होती. त्यांच्या माणसाने फोनवर काकुळतीने सांगितलं होतं, मॅडम, आकडा तर बरोबर आहे ना. आकडा बरोबरच होता. मी त्याला काय उत्तर दिलं होतं ते आठवायचा मी प्रयत्न केला, आणि आठवलं ते एवढंच की मला त्याचा कंटाळा आला होता. पण खरं सांगायचं तर मला तारखेची भीती नव्हती. पकडलं जाण्याचीही फारशी नाही. फोटो खरा ठरला काय आणि खोटा ठरला काय, आईला तो दाखवावा लागणार होता, आणि ती फोटो बघत नाही, वाचते. पाकिटं वाचायची तसा. त्या फोटोच्या कोपऱ्यात, जिन्याच्या तळाशी, भावोजींनी तळ्यावरून आल्यावर काढून ठेवलेल्या ओल्या चपला होत्या. सकाळी नऊ चाळीसला त्या चपला त्यांच्या पायांत, दवाखान्याच्या दारात होत्या.

चार वाजता मी घरी पोचले तर आई तयार होऊन बसली होती. जायची साडी, केस नीट, हातात काठी आणि पिशवीत चष्मा. "उशीर केलास," ती म्हणाली. मी उशीर केला नव्हता. टॅक्सीत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. एका ठिकाणी टपालपेटी दिसली, तिचा रंग उडाला होता, आई म्हणाली, "रंगवत नाहीत मेले." वकीलबाईंचं ऑफिस रस्त्यापासून नऊ पायऱ्या वर आहे. चढताना तिने माझा दंड धरला, बोटं घट्ट, आणि प्रत्येक पायरीवर थोडा भार माझ्यावर टाकत, बोलत बोलत वर आली. खालच्या घराला खिडक्या किती, स्वयंपाकघर लहान असलं तरी चालेल, कुंड्या दाराबाहेर ठेवता येतील का ते विचारलं पाहिजे. पायाकडे तिचं लक्षच नव्हतं. ते माझ्याकडे सोपवलेलं होतं.

वकीलबाईंनी निवेदन वाचायला सुरुवात केली. त्या हळू वाचतात, प्रत्येक वाक्यानंतर मान वर करून बघतात. आई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, जणू प्रत्येक पत्र त्याच्या खणात पडत होतं. घर किती दिवसांसाठी घेतलं. किती माणसं होती. किती वाजता पडल्या. चादरी का नेत होत्या, इथे आई म्हणाली, "स्वच्छता म्हणून लिहा, घाई म्हणून नको," आणि वकीलबाईंनी ते लिहिलं. मग त्यांनी वाचलं: "सदर पायरीची उंची इतर पायऱ्यांपेक्षा वेगळी असल्याचं अपघातापूर्वी माझ्या किंवा माझ्यासोबतच्या कोणाच्याही निदर्शनास आलेलं नव्हतं. मोजमाप व छायाचित्र माझ्या मुलीने अपघातानंतर घेतलं." वर बघितलं.

"बरोबर," आई म्हणाली. आणि मग, वकीलबाईंकडे बघून, थोडं कौतुकाने, थोडी माझी थट्टा करत: "हिच्या आधी लक्षात आलं असतं तर काही विचारूच नका. चहात साखर कमी पडली तर ही मोजून सांगते. घर डोक्यावर घेतलं असतं हिने."

मी म्हटलं, "ते वाक्य बदलायला हवं."

माझा आवाज मला नेहमीसारखाच वाटला. वकीलबाईंनी विचारलं, कोणतं. मी म्हटलं, दोन्ही. आदल्या संध्याकाळी मोजली, सहा बावन्नला. सकाळी मी तुम्हाला हो लिहिलं ते खोटं होतं. फोटोवर वेळ आहे. मी फोन काढून टेबलावर ठेवला, फोटो उघडून. वकीलबाईंनी तो उचलला नाही. त्यांनी कीबोर्ड थोडा बाजूला सारला. खोलीत प्रिंटरचा बारीक आवाज चालू होता, तो स्वतःशीच काहीतरी आवरत असल्यासारखा. मग त्या आईकडे वळल्या, खुर्चीसकट. "आई, मी आता एक विचारते, नीट आठवून सांगा. हिने ते तुम्हाला सांगितलं होतं का? सांगितलं असेल आणि तरी तुम्ही दोन्ही हातांत बोजा घेऊन उतरला असाल, तर आपल्या मागणीत फारसं काही उरत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं आणि हिला माहीत होतं, असं असेल तर मागणी उभी राहते, पण समोरचे हिच्याकडे बोट दाखवतील. म्हणतील, इशारा देणारं माणूस घरातच होतं, त्याने तोंड उघडलं नाही. ते कागदावर येईल. हिला बोलावतील, विचारतील. दोन्हींतलं जे खरं असेल ते मी लिहीन."

मला माहीत होतं आई काय म्हणणार. मी सातवीत असताना शाळेच्या प्रयोगशाळेतला काचेचा मोठा जार माझ्या हातून फुटला होता, आणि मुख्याध्यापकांसमोर आई म्हणाली होती, "मी हिला न्यायला आले होते, माझाच धक्का लागला." ती तेव्हा कामावर होती, हे मुख्याध्यापकांनाही माहीत असणार. शिंपिणीकडे कापड कमी पडलं, बँकेत कागद चुकला, नातेवाइकांत बोलणं वाढलं, प्रत्येक वेळी आई मध्ये येऊन उभी राहिली होती, माझंच चुकलं म्हणून. आता ती म्हणेल, सांगितलं असेल हो हिने, मीच विसरले, वय झालं. आणि मी तिला अडवेन की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. अडवायला हवं होतं. पण ती म्हणेपर्यंत मी वाट बघत होते, आणि ती वाट बघण्यात लाज होती तशीच एक ऊबही होती, हे मला त्याच क्षणी कळत होतं.

"किती वाजता म्हणालीस?" आईने विचारलं.

"सहा बावन्न."

"म्हणजे आपण जेवायला बसलो तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी वर झोपायला गेले तेव्हाही."

"हो."

"तू खुर्चीत बसली होतीस. पुस्तक होतं मांडीवर." तिने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला वाटलं, माझी काळजी म्हणून बघतेय. म्हटलं, लग्न नाही, मूलबाळ नाही, पण पोरगी माझ्याकडे लक्ष ठेवून आहे." हे ती मला म्हणाली की वकीलबाईंना, कळलं नाही. मग ती थेट वकीलबाईंकडे बघून म्हणाली, "लिहा बाई. मला सांगितलं नव्हतं. हिला माहीत होतं."

वकीलबाईंनी लिहिलं. कीबोर्डचा आवाज बराच वेळ चालला. त्यांनी मला एक वेगळं निवेदन करायला सांगितलं आणि मी ते सांगितलं, तारखा आणि वेळांसकट, खुर्ची सोडून सगळं. मग म्हटलं, थांबा, आणि खुर्चीही सांगितली. भावोजी दोनदा, ताई एकदा. आई खिडकीकडे बघत होती. त्या म्हणाल्या, हे इतकं लागणार नाही. मी म्हटलं, लिहा. निराशेचं मात्र मी तेव्हाही बोलले नाही. छापलेले कागद आले. आईने पिशवीतून चष्मा काढला, दोन्ही निवेदनं, आपलं आणि माझं, ओळीवर बोट ठेवून वाचली. माझ्या निवेदनात एका ठिकाणी तिचं बोट थांबलं, मग पुढे गेलं. तिने सही केली, सुटी, ठळक अक्षरं, पत्ता चुकू नये म्हणून काढतात तशी. वकीलबाई म्हणाल्या, आता त्यांचं उत्तर यायला महिना-दीड महिना लागेल, प्रकरण उभं राहील, आपण वाट बघू. आईने त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "खालच्या घरवाल्यांना काय सांगू? थांबा म्हणू?" त्या म्हणाल्या, सांगा. मग माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "त्यांना मीच फोन करीन."

बाहेर ऊन उतरलं होतं. रस्त्यावर ऑफिसं सुटल्याची गर्दी होती, माणसं समोरून भरभर जात होती, कुणी वर बघत नव्हतं. आई पायऱ्यांच्या वरच्या टोकाला येऊन थांबली. मी दंड पुढे केला. तिने काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने लोखंडी कठडा धरला, आणि पाय उचलला नाही. मला वाटलं, तिला भीती वाटतेय. उतरताना पुढे आधार असला की बरं वाटतं, म्हणून मी एक पायरी खाली गेले आणि तिच्याकडे तोंड करून, हात वर करून उभी राहिले.

"बाजूला हो," ती म्हणाली. "मला पायरी दिसू दे."